स्लो कुकरमधलं अननस-बीफ एकदा वातड, एकदा लगदा: नेमकं काय चुकतं?

कृती तीच, भांडं तेच, मांसाचं वजन जवळपास तेवढंच आणि तासही मोजून तेवढेच. तरी एका खेपेला बीफ असं वातड निघतं की जबडा दुखावा, आणि पुढच्या खेपेला काटा लावताच वरचा थर लापशीसारखा सुटून येतो, आतला गाभा मात्र चिवटच. मध्येच कधीतरी फर्मास जमतं. ते का जमलं हे कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा फसतं.

अननस, आंबा, नारळाचं दूध, लिंबू, थोडी ब्राउन शुगर, सोया सॉस असं घालून केलेल्या आंबटगोड बीफच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो. मी बराच काळ एकच इलाज करत होते: मऊ नाही झालं ना, मग पुढच्या वेळी अननस वाढवा. त्याने लगदा वाढला आणि चिवटपणा जागच्या जागी राहिला. अननसाने मांस मऊ होतं हे खरंच आहे. पण ज्या मऊपणासाठी आपण स्लो कुकर सात-आठ तास लावून ठेवतो, तो मऊपणा अननसातून येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या तापमानाला चालतात, आणि एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध दिलं की पदार्थ हातचा जातो.

काटा काय सांगतो

झाकण उघडल्यावर चव घेण्याआधी एक तुकडा बाजूला काढा, त्यात काटा खुपसा आणि पिळा. काटा जाताना रबरासारखा अडतो, पिळला तर सबंध तुकडाच फिरतो आणि तंतू सुटत नाहीत, तर ते कमी शिजलंय. घड्याळात कितीही वाजलेले असोत. काटा सहज गेला, तंतू मोकळे झाले, पण तोंडात भुसा चावल्यासारखं कोरडं लागलं, तर जास्त शिजलंय किंवा मांसाचा भागच चुकीचा घेतलाय. आणि बाहेरचे दोन-चार मिलिमीटर बोटाने पुसून काढता येतील इतके पिठूळ झालेत, त्यात तंतू म्हणून काही उरलेलंच नाही, तर ते फळाचं काम.

पहिला आणि तिसरा दोष एकाच तुकड्यात भेटतात, आणि तिथेच माणूस चक्रावतो. जास्त शिजलं म्हणावं की कमी? शिजलं कमीच. वरून पचलं, इतकंच.

ताजा अननस आणि डब्यातला अननस

ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं. प्रथिनं तोडणारं हे एन्झाइम. पोटात जे अन्नाचं होतं तेच ते भांड्यात मांसाचं करतं. फ्रिजच्या थंडीत त्याचं काम रेंगाळत चालतं, ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात जोरात चालतं आणि ७० च्या पुढे ते झपाट्याने निकामी होतं.

आता स्लो कुकरमध्ये काय घडतं ते पाहा. गॅसवरच्या पातेल्यात रस्सा काही मिनिटांत उकळीला येतो आणि एन्झाइमला फार सवड मिळत नाही. स्लो कुकर मात्र फ्रिजमधून काढलेल्या गार मांसाला घेऊन तासन् तास हळूहळू वर चढतो. दीड किलोचं मांस लो वर, म्हणजे मंद आचेच्या खुणेवर, लावलं तर ब्रोमेलेनला मानवणाऱ्या त्या कोमट टप्प्यातून जायला दोन तासही लागू शकतात. म्हणजे एन्झाइमला हवी तशी ऊब, हवा तेवढा वेळ. आणि ते मांसात खोल शिरत नाही, पृष्ठभागावरच काम करतं. म्हणून सबंध मोठ्या तुकड्याचं फक्त साल खराब होतं, तर दोन-अडीच सेंटीमीटरच्या फोडी केल्या असतील तर प्रत्येक फोडीला सहा बाजू आणि सहाही बाजूंनी लगदा.

डबाबंद अननस डब्यात भरताना तापवलेला असतो, त्यामुळे त्यातलं ब्रोमेलेन संपलेलं असतं. तो चव देतो, गोडी देतो, मांसाला मात्र हात लावत नाही. माझ्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच होतं. कृतीत लिहिलेलं 'एक कप अननस' मी कधी ताजा घ्यायची, कधी डब्यातला, जो हाताशी असेल तो, आणि दोन्ही एकच समजायची. गोठवलेल्या फोडी ताज्यासारख्याच वागतात. गोठवल्याने एन्झाइम झोपतं, मरत नाही.

पपई याहून खट. तिच्यातलं पपेन ब्रोमेलेनपेक्षा जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे भांडं तापत असताना ते जास्त वेळ जागं राहतं. पिकलेल्या पपईपेक्षा कच्चीत ते कितीतरी जास्त असतं. किवीतही प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. आंबा, केळं आणि नारळ यांनी मला असा त्रास कधी दिलेला नाही. ताज्या आल्यातही प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, पण आपण घालतो ते चमचा-दोन चमचे. तेवढ्याने कुणाचं बीफ विरघळलेलं नाही.

उपाय अगदी साधा आहे. ताज्या अननसाच्या फोडी आणि रस छोट्या पातेल्यात घेऊन पाच मिनिटं खळखळून उकळा, मग कुकरमध्ये घाला. खात्री करायची असेल तर जिलेटिनची साधी जेली लावून पाहा. कच्चा अननस घातलेली जेली धरतच नाही, उकळलेला घातलेली धरते. दुसरा मार्ग म्हणजे अननस शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घालायचा. तोवर भांडं उकळीच्या जवळ पोचलेलं असतं आणि ब्रोमेलेनला काही करायला वेळच उरत नाही.

रात्रभर मुरवायची सवय असेल तर मीठ, सोया सॉस, लसूण, मिरी यांत खुशाल मुरवा. ताजं फळ त्यात नको. फ्रिजमध्ये आहे म्हणून ते गप्प बसत नाही.

वातड राहतं त्याचं कारण वेगळं

आता लगदा टळला, पण चिवटपणा आहेच. इथे अननसाला विसरा.

जनावराचे जे स्नायू सतत राबतात, खांदा, पाय, मान, छाती, त्यांत तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे चिवट पडदे जास्त असतात. ते कोलॅजेनचे असतात. कोलॅजेन ओलाव्यात आणि उष्णतेत हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि तुकडा काट्याने सुटतो तो त्यामुळे. हे साधारण ७० अंशांपुढे सुरू होतं, ८५ ते ९५ च्या दरम्यान बऱ्या वेगाने चालतं आणि त्याला काही तास लागतातच.

अडचण अशी की त्याआधीच, ६० ते ७० च्या आसपास, स्नायूंचे तंतू आकसून आपलं पाणी पिळून टाकतात. म्हणजे मधल्या काळात मांस कच्च्यापेक्षाही वातड होतं. चौथ्या तासाला झाकण उघडून कुणी चाखलं तर हमखास हाच टप्पा सापडतो. मग 'अरेरे, जास्त शिजलं, कडक झालं' असं म्हणून कुकर बंद केला जातो, आणि खरं तर त्याला अजून काही तास हवे असतात. माझ्या मते स्लो कुकरमधलं जेवढं बीफ फसतं त्यातलं बरंचसं असं घाईने बंद केलेलं असतं.

म्हणून घड्याळाऐवजी थर्मामीटर वापरा. मांस खाण्यायोग्य झालं की नाही याचं तापमान वेगळं आणि तंतू सुटण्याचं वेगळं. जाड तुकड्याच्या मध्यात ९० च्या आसपास अंश दिसले आणि काटा लोण्यात गेल्यासारखा गेला की झालं. सव्वा ते दीड किलोच्या खांद्याच्या तुकड्याला लो वर आठ ते दहा तास, हाय वर पाच ते सहा, हा माझा अंदाज. पण काटा म्हणेल ते खरं. लो आणि हाय यांच्यातला फरकही अनेकांच्या मनात चुकीचा असतो. दोन्ही शेवटी जवळजवळ त्याच मंद उकळीला पोचतात. हाय लवकर पोचतं, एवढंच.

आणि झाकण. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि भांड्याला पुन्हा त्या तापमानाला यायला २० ते ३० मिनिटं लागतात. तीनदा डोकावलात तर तास-दीड तास गेला.

मांसाचा भाग कोणता घेतला हे मी खरं तर सर्वात आधी सांगायला हवं होतं. मागच्या मांडीचा किंवा पाठीचा चरबी नसलेला, दिसायला छान गुळगुळीत तुकडा स्लो कुकरसाठी नाहीच. त्यात विरघळायला कोलॅजेन कमी आणि ओलावा राखायला चरबीही कमी. रश्श्यात बुडलेला असूनही तो कोरडा लागतो, कारण आतलं पाणी पिळून बाहेर गेलेलं असतं आणि त्याच्या जागी काहीच आलेलं नसतं. खांद्याचा किंवा छातीचा चरबीच्या रेषा असलेला तुकडा घ्या, किंवा पायाचा. पायाचा घेतलात तर रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो, पण शिजायला थोडा जास्त वेळ धरा.

सगळं बरोबर करूनही फसलं तर भांड्याकडे पाहा

तास बरोबर, भाग बरोबर, अननस उकळलेला, तरी बीफ कधी शिजतं कधी नाही, असं असेल तर कुकरच पुरेसा तापत नसेल. तपासायला सोपं आहे. भांड्यात अर्ध्यापेक्षा थोडं जास्त पाणी घाला, झाकण लावून लो वर आठ तास ठेवा, मग झाकण काढताक्षणी थर्मामीटर बुडवा. उशीर केला तर पारा लगेच खाली येतो. ८५ ते ९३ अंश दाखवलं तर कुकर ठीक आहे. त्याहून बरंच कमी असेल तर मांसासाठी तो वापरू नका, कारण प्रश्न चिवटपणापुरता राहत नाही. ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू वाढतात आणि अशक्त कुकर मांसाला त्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळत ठेवतो.

वीज कमी दाबाने येत असेल तरी असंच होतं. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब १० टक्के कमी झाला की उष्णता १९ टक्के कमी. उंचावर राहणाऱ्यांचं दुखणं आणखी निराळं: २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथे तास वाढवण्याला पर्याय नाही.

गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये टाकायचं नाही, आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यायचं. टायमर लावून कच्चं मांस तासन् तास बाहेर तसंच ठेवायचं नाही. वॉर्मची खूण शिजलेलं गरम ठेवण्यासाठी असते, शिजवण्यासाठी नाही. भांडं अर्ध्याहून कमी भरलं तर कडेने करपतं, काठोकाठ भरलं तर मधलं मागे राहतं. अर्धं ते दोन तृतीयांश बरं.

रस्सा पाणचट, चव बोथट

स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ जात नाही. पातेल्याच्या कृतीतलं पाणी जसंच्या तसं इथे घातलं तर सार होतं. मांस शिजताना आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त पाणी सोडू शकतं, अननस आणखी सोडतो. दीड किलोला अर्धा कप द्रव पुरतो, मग तो अननसाचा रस असो वा सोया सॉस घातलेलं पाणी. सुरुवातीला मांस उघडं दिसतं आणि हात शिवशिवतो. पाणी ओतू नका.

कॉर्नफ्लोअर सकाळीच कालवून घातलं होतं आणि संध्याकाळी त्याचा पत्ता नाही, ही तक्रारही नेहमीची. आंबट रसात तासन् तास शिजलं की स्टार्च तुटतो आणि दाटपणा जातो. ते शेवटी घाला: मांस बाहेर काढा, रस्सा पसरट कढईत ओता, आधी आटवा, मग दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात सोडा. मिनिटभरात चकाकी येते. मीठ मात्र आटवून झाल्यावरच चाखून घाला. सोया सॉस आटला की खारटपणा अंगावर येतो.

चवीचं म्हणाल तर, ताज्या अननसाचा तो नाकात भरणारा वास उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. आठ तासांनी मुरंब्याची गोडी उरते आणि फळ हरवतं. त्यामुळे सुरुवातीला थोडंच फळ, बाकीचं शेवटी. वाढायच्या आधी लिंबाचा रस. आंब्याचा गर घालायचा असेल तर तोही शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर त्याचा नुसता केशरी रंग उरतो. गोड जास्त झालं असेल तर पाणी वाढवून काही साधत नाही. आंबट आणि तिखट वाढवा, आणि मिठाचा हात जरा सैल सोडा.

तपकिरी खरपूस चव स्लो कुकरमध्ये आपोआप येत नाही. ती यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत कोरडा तापावा लागतो, आणि ओल्या भांड्यात १०० च्या वर काही जात नाही. म्हणून मांस पुसून कोरडं करा आणि तापलेल्या पॅनमध्ये सगळ्या बाजूंनी परतून मग कुकरमध्ये टाका. यामुळे रस आत कोंडला जातो असं म्हणतात, ते काही खरं नाही. चव मात्र येते, आणि ते पुरे आहे. साखर किंवा फळाचा रस लावलेलं मांस परतायला घेऊ नका. मांसाला रंग चढण्याआधी साखर काळी पडते. भांड्याच्या कडेला जी काळी कडू रेघ उमटते तीही साखरेचीच, कारण बहुतेक कुकरची तापणारी तार बाजूंना असते. साखर रश्श्यात पूर्ण विरघळवून घाला, कडांना लागू देऊ नका.

दूध फाटलं, गाजर कडक

नारळाचं दूध आंबट रसात आठ तास ठेवलं तर फाटणारच. शेवटचा अर्धा तास, कुकर लो वर, आणि लिंबू त्याच्याही नंतर. फाटलेलं दूध खायला वाईट नसतं, फक्त दिसायला. मांस काढून रस्सा मिक्सरमधून फिरवला तर बऱ्यापैकी जुळून येतो. गरम रस्सा फिरवताना भांडं अर्धंच भरा.

गाजर, बटाटा, कांदा कचकचीत राहिले तर ते आम्लामुळे. आंबट पाण्यात भाज्यांमधलं पेक्टिन लवकर सैल होत नाही. कांदा आधी परतून घ्या, कंदमुळं बारीक चिरून मांसाच्या खाली, तळाशी आणि कडेला ठेवा.

बिघडलंच असेल तर

वातड निघालं तर ते सर्वात सोपं: झाकण लावा आणि दर तासाने काटा. पाहुणे आले असतील तर प्रेशर कुकरमध्ये रश्श्यासकट २५-३० मिनिटं, तीच वाट, फक्त जवळची. कोरडं झालं तर ते परत ओलं होत नाही. तंतूंना आडवं, पातळ कापा आणि आटवलेल्या रश्श्यात दहा मिनिटं पडू द्या. लांबीच्या दिशेने कापलं तर चांगलं शिजलेलंही दोरखंडासारखं लागतं. लगदा झालेलं पुन्हा तुकड्यांत येणार नाही. ते सगळं मोकळं करून, रस्सा निथळून, तापलेल्या तव्यावर पातळ पसरा आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत हलवू नका. भाताबरोबर किंवा पावात भरून ते इतकं छान लागतं की मी एकदा मुद्दाम लगदा करायचा विचार केला होता.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा. गरम करताना कुकरमध्ये नको, गॅसवर उकळी आणा. सकाळी डबा उघडल्यावर रस्सा जेलीसारखा थरथरत असेल तर कोलॅजेन नीट विरघळलं होतं. पण रात्री वरून चार ताज्या कच्च्या अननसाच्या फोडी शोभेसाठी टाकून ठेवल्या असतील, तर सकाळी जेली पाणी झालेली असेल आणि फोडींखालचं मांस पिठूळ.